गोळीमुळे की आजारामुळे? स्किझोफ्रेनियाचं औषध चालू असलेल्या घरासाठी

औषध सुरू झालं त्या दिवसापासून एक काम करा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं, ज्यात दुधाचे आणि कामवालीचे खाडे लिहितो, त्यातच औषधाची नोंद सुरू करा. वेगळी वही आणू नका. वही कपाटात जाते आणि आठवड्याभरात विसरली जाते. कॅलेंडर रोज डोळ्यांसमोर असतं.

मी महापालिकेच्या रुग्णालयात मनोविकार वॉर्डात सिस्टर होते. आता निवृत्त आहे. पण परळ-लालबागमध्ये राहायचं म्हणजे निवृत्ती नावापुरतीच. कोणी जिन्यात गाठतं, कोणी भाजीवाल्यापाशी. "सिस्टर, पोराला गोळ्या सुरू केल्यापासून तो असं असं करतोय, बंद करू का?" माझा पहिला प्रश्न ठरलेला: गोळी कधी सुरू झाली आणि हे कधीपासून? दहातले आठ जण म्हणतात, "असेल की, महिना-दोन महिने." इथेच सगळं अडतं. कारण या औषधांचे बरेचसे त्रास दिसायला आजारासारखेच असतात. नुसतं माणसाकडे बघून ते वेगळे करणं डॉक्टरलाही कठीण जातं. वेगळे करते ती तारीख.

चौकोनात लिहायचं ते थोडकं: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, डोस बदलला तो दिवस आणि नवीन तक्रारीचा पहिला दिवस. मूळ नाव म्हणजे पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते, ओलान्झापीन, रिस्पेरिडोन वगैरे. ठळक अक्षरातलं कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं, गोळीचा रंगही बदलतो, आणि मग घरात "डॉक्टरने औषध बदललं" अशी आवई उठते. चाळीत दहा माणसं येतात, कॅलेंडर वाचतात, म्हणून पूर्ण लिहू नका. "ओ ५", "ओ १०" एवढंही पुरतं.

मात्र लपूनछपून लिहू नका. ज्याला आधीच वाटतंय की लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत, त्याच्या हाती "आज दोनदा उठला, तीनदा ओरडला" असा कागद लागला तर काय होईल? त्याला सांगूनच लिहा. दर रविवारी त्या चौकोनात त्यालाच सही करायला सांगा. त्या सहीचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे सांगते.

आमटीत किंवा चहात गोळी विरघळवून देणारी घरंही मी पुष्कळ पाहिली. नाइलाज असतो, कळतं मला. पण चक्कर आली, तोंड कोरडं पडलं तर त्या माणसाला कारण कळत नाही, आणि "मला काहीतरी घालतायत" हा संशय त्या वेळी खराच असतो. असं चाललं असेल तर डॉक्टरांना तरी स्पष्ट सांगा.

पहिला आठवडा: मान वळली, डोळे वर गेले

ही औषधं मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. त्यामुळे भास आणि संशय कमी होतात. पण हालचालींवर ताबा ठेवायलाही तेच डोपामिन लागतं, तिथेही अडवणूक होते. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांत हे जास्त, नव्यांत कमी, पण नव्यांत अजिबात नाही असं समजू नका.

सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत, खासकरून तरुण मुलांमध्ये, अचानक मान एका बाजूला खेचली जाते, जबडा आवळतो, जीभ जाड होते किंवा बाहेर येते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घरातली म्हातारी माणसं म्हणतात अंगात आलं, शेजारी म्हणतात फिट आली. फिटमध्ये बहुधा शुद्ध हरपते. इथे माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, म्हणून तर जास्त घाबरतो. याला डिस्टोनिया म्हणतात. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन मिळालं की साधारण अर्ध्या तासात मान सरळ होते. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि दारातच सांगा, "मानसिक आजाराची अमुक गोळी अमुक तारखेला सुरू झाली." श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

अशा वेळी डॉक्टर बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल जोडतात. वॉर्डात आम्ही त्याला टीएचपी म्हणतो. आपल्याकडे रिस्पेरिडोन आणि टीएचपी एकाच गोळीतही मिळतात, बहुतेकदा नावापुढे "प्लस" असतं. म्हणून दुकानदाराने प्लसऐवजी साधी किंवा साध्याऐवजी प्लस दिली तर फरक पडतो, घेताना बघा. टीएचपीचेही स्वतःचे त्रास आहेत: तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, वयस्कांमध्ये विसराळूपणा आणि गोंधळ. ते कायमचं चालू ठेवायचं का, हे दर दोन-तीन महिन्यांनी विचारत जा.

बसवत नाही, म्हणजे काय?

सगळ्यात जास्त घोळ ज्या त्रासात होतो तो हा, अकाथिझिया. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, माणूस एका जागी बसेनासा होतो. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. जेवताना ताटावरून उठतो. उभा असला तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत राहतो. चिडतो. घरच्यांना वाटतं आजार उसळला. ते डॉक्टरांना सांगतात, "फार अस्वस्थ झालाय, रात्रभर हिंडतो, अंगावर येतो." बाहेर शंभर पेशंटची रांग आणि समोर एवढं एकच वाक्य, मग डोस वाढतो. डोस वाढला की फेऱ्या वाढतात.

म्हणून घरीच शांतपणे विचारा, "तुला कुठे जायचंय म्हणून हिंडतोस, की बसवतच नाही म्हणून?" भासांमुळे हिंडणारा माणूस बहुधा कारण सांगतो: कोणी बोलावतंय, कोणी मागे लागलंय. अकाथिझियावाला पायांकडे बोट दाखवतो. "आतून वळवळतं", "कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं" असं म्हणतो आणि चाललं की जरा बरं वाटतं. हे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तसंच डॉक्टरांना वाचून दाखवा. डोस कमी करणं, औषध बदलणं, प्रोप्रॅनोलॉल देणं असे उपाय आहेत (दमा असेल तर तो आधी सांगा). वजन फारसं वाढवत नाही म्हणून ज्याचं कौतुक होतं त्या अॅरिपिप्राझोलमध्येही हा त्रास होतो.

याला किरकोळ समजू नका. ही तगमग इतकी असह्य होऊ शकते की माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. तसं बोलला, किंवा तशी शंका आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असेल, कोणी भेटत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आळशी झाला म्हणू नका

उलट्या टोकाचा त्रास म्हणजे माणूस थंडावतो. चालताना हात हलत नाहीत, पावलं घासत टाकतो, चेहऱ्यावर काही उमटत नाही, हात थरथरतात, लाळ गळते. पार्किन्सनच्या आजारात दिसतं तसंच. घरचे म्हणतात, "भास गेले पण पोरगा दगड झाला." आता गंमत अशी की स्किझोफ्रेनियातही माणूस मुका-मुका होतो, आंघोळ टाळतो, कशात मन लावत नाही. मग हे कशामुळे? पुन्हा तारीख. गोळीच्या आधीपासून होतं का? डोस वाढल्यावर वाढलं का? आणि त्या रविवारच्या सह्या बघा. सही महिन्याभरात बारीक, आखडलेली होत गेली असेल तर शंका औषधाकडे जाते. डॉक्टरांपुढे कॅलेंडरच ठेवा.

झोपेचं त्यामानाने सोपं आहे. ओलान्झापीन, क्वेटियापीन, क्लोझापीन यांनी गुंगी येते, बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते. सकाळी उठवत नसेल तर गोळीची वेळ रात्री थोडी अलीकडे घेता येईल का विचारा. अंथरुणातून एकदम उठू देऊ नका. आधी बसायचं, मग उभं राहायचं, कारण रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. डोस नवीन असेल तर ते काही दिवस गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभं राहायचं नाही.

वजन, साखर आणि रात्री अकराचा वडापाव

ओलान्झापीन आणि क्लोझापीन वजन सगळ्यात जास्त वाढवतात. रिस्पेरिडोन, क्वेटियापीन मधले. अॅरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन कमी. वजन वाढतं ते मुख्यतः भूक वाढल्यामुळे. ही भूक खरी असते, पोट भरल्याचा इशाराच पोचत नाही. "किती खातोस" म्हणून टोमणे मारले की माणूस नाक्यावर जाऊन खातो, एवढाच फरक पडतो.

औषध सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. राहून गेलं असेल तर या आठवड्यात करा. पहिले दीड-दोन महिने दर आठवड्याला वजन. पहिल्याच महिन्यात वजन ५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे ६० किलोचा माणूस ६३ झाला, तर पुढे खूप वाढण्याचा संभव असतो. तेव्हाच डॉक्टरांना सांगा, १५ किलो वाढल्यावर नव्हे. आपल्याकडच्या माणसांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. साखर आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी पुन्हा, मग निदान वर्षातून एकदा. सारखी तहान, सारखी लघवी, अंग गळून जाणं, असं दिसलं तर लगेच साखर तपासा. वजन रोखायला डॉक्टर कधी मेटफॉर्मिन देतात. मधुमेह झाला असा त्याचा अर्थ नाही.

घरात त्याच्या एकट्यासाठी पथ्याचं ताट लावू नका. फरसाणाचा डबा घरातूनच जाऊ दे, सगळ्यांसाठीच. रात्री भूक लागणारच हे धरून काकडी, भाजलेले फुटाणे, ताक हाताशी ठेवा. तोंड कोरडं पडतं म्हणून गोड सरबतं पिणं हा वजनाचा चोरदरवाजा आहे, आणि दातांचंही वाटोळं. साधं पाणी, विनासाखरेची बडीशेप.

लुरासिडोन मात्र जेवणाबरोबरच घ्यायचं असतं, किमान ३५० कॅलरींच्या, नाहीतर ते नीट शोषलंच जात नाही. म्हणजे एकादशीला चहा-केळ्यावर गोळी घेतली तर बरीचशी वाया. झिप्रासिडोनलाही असंच जेवण लागतं. उपास करणारं घर असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा. माझ्या मते देवाला एवढं चालतं, पण सासूबाईंना चालतं का ते तुम्ही बघा.

जे कोणी बोलत नाही

रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल यांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मुलींची पाळी थांबते किंवा लांबते, कधी छातीतून दूध येतं. अविवाहित मुलीच्या बाबतीत हे झालं की घरात काय काय संशय येतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ओरडण्याआधी गोळीचं नाव वाचा. दिवस जाण्याची शक्यता असेल तर ती तपासणी करा, पण आवाज चढवून नको. पाळी बंद आहे म्हणून दिवस जाणारच नाहीत असंही नाही, खासकरून औषध बदललं की. दिवस गेले असतील तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पुरुषांत छाती थोडी वर येते, लैंगिक इच्छा आणि ताठरता कमी होते. तो आईला सांगणार नाही, बायकोलाही बहुधा नाही. गुपचूप गोळी टाकून देईल. भावाने किंवा मित्राने एकदा एवढंच म्हणावं, "या गोळ्यांनी तसा त्रास होऊ शकतो, तुझ्यात खोट नाही, डॉक्टरांना सांगितलं तर बदलता येतं." गोळी का बंद केली याचं खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

क्लोझापीन असेल तर

दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही तर क्लोझापीन देतात. गुणाला फार चांगलं, पण शिस्तीचं. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात, म्हणून रक्ततपासणी आपल्याकडे साधारणपणे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, पुढे महिन्यातून एकदा. तपासणीचे दिवस कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा. ताप किंवा घसा दुखणं आलं की "पावसात भिजला असेल" म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. पहिल्या एक-दोन महिन्यांत ताप, छातीत धडधड, दम लागणं दिसलं तर हृदयाचीही तपासणी लागते.

रात्री उशी लाळेने भिजते, त्याला घाबरायचं कारण नाही. कुशीवर झोपवा, उशीवर टॉवेल घाला. बद्धकोष्ठाला मात्र घाबरा. आतड्यांची हालचाल मंदावून ती तुंबू शकतात, त्यात माणसं दगावतात. शौचाला झालं की नाही हे रोज विचारायला लाज वाटते, तरी विचारा. दोन-तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना फोन, पोट फुगून दुखत असेल किंवा उलट्या होत असतील तर थेट रुग्णालय.

बिडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापीन शरीरातून लवकर निघून जातं. ओलान्झापीनही. म्हणून कोणी एकदम सिगारेट सोडली, किंवा धूम्रपान बंद असलेल्या वॉर्डात दाखल झाला, की तोच डोस अंगावर येतो, गुंगी वाढते. सिगारेट जरूर सुटावी, पण डॉक्टरांना कळवून. हा परिणाम धुराचा आहे, मशेरी किंवा चघळायच्या तंबाखूचा नाही.

ज्यात तासही घालवायचा नाही

जुलै-ऑगस्टात मुंबईत ताप आला की डोक्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. बरोबरच आहे. पण ही औषधं (अँटिसायकोटिक) घेणाऱ्या माणसाला ताप, आणि त्यासोबत अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ किंवा सुस्ती असेल, तर तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. क्वचित होतो, पण जिवावर बेततो. हात कोपरात वाकवून बघा, वाकवताना कडक लागतो का. १०८ ला फोन, पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका आणि कॅलेंडरचं पान फाडून सोबत न्या. कॅज्युअल्टीतल्या शिकाऊ डॉक्टरला सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायचं सुचेल ते तुम्ही औषधाचं नाव सांगितलंत तरच.

गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरलाही गोळीचं नाव माहीत हवं. उलटीसाठी सर्रास मिळणारं मेटोक्लोप्रामाइड हेही डोपामिनच अडवतं, त्याने मान वळण्याचा त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

काही त्रास वर्षांनी येतात. जबडा सतत चघळल्यासारखा हलतो, ओठ मिटतात-उघडतात, जीभ आत वळवळते. हा टार्डिव्ह डिस्किनेशिया. लोकांना वाटतं तोंडात सुपारी आहे. सहा महिन्यांतून एकदा, तो टीव्ही बघत असताना, दोन मिनिटं तोंडाकडे आणि बोटांकडे लक्ष द्या. लवकर दिसलं तर करण्यासारखं बरंच असतं. टीएचपीने हे सुधारत नाही, बिघडू शकतं.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

"बरं नाही, त्रास होतोय" याने काही साधत नाही. असं बोला: "१० तारखेला ५ ची १० केली. १४ पासून बसवत नाही. रात्री दोनपर्यंत फेऱ्या." मग विचारा: हा त्रास आपोआप जाईल का, किती दिवसांत? नाही गेला तर पुढे काय? दुष्परिणामांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे हक्क आहे, उपकार नाही. एखादा त्रास गंभीर असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४, रुग्ण किंवा घरचेही कळवू शकतात.

आणि गोळी घरच्या घरी अर्धी करायची नाही. सांगते का. गोळी बंद केली की त्रास आठवड्याभरात ओसरतो, माणूस हसू-बोलू लागतो, घरचे म्हणतात, "बघा, गोळीच नको होती." आजार उलटतो तो कित्येकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तोवर कोणाला गोळी आठवत नाही. कॅलेंडरला आठवते. लांब पल्ल्याच्या इंजेक्शनचं तर आणखी वेगळं: ते थांबवलं तरी औषध अंगात कित्येक आठवडे राहतं, गुणही आणि त्रासही.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी एक. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही, आणि मुक्कामापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू दे. क्लोझापीन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर नेहमीचा डोस एकदम परत घेता येत नाही, अगदी थोड्या मात्रेपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढवावं लागतं. चवथीच्या दिवशी तालुक्याच्या गावात ते कुठल्या दुकानात मिळेल याच्या भरवशावर राहू नका.